जेटचं डावं चाक

भिवंडीत कामतघरला माझं लेथचं दुकान होतं तेव्हा माझ्याकडे दोन प्रकारची माणसं यायची. एक, लूमवाले. त्यांचं काहीतरी मोडलेलं असायचं आणि 'आत्ताच्या आत्ता' याखेरीज दुसरी भाषा त्यांना येत नसे. दुसरे, चार ठिकाणी फिरून, चौघांनी हात वर केल्यावर शेवटी माझ्या दारात टेकलेले. बँडवाल्याच्या क्लॅरिनेटची तुटलेली पट्टी, देवळातल्या घंटेचा लोलक, असलं सगळं त्यांच्याकडून यायचं. एका म्हाताऱ्यानं तर कवळी आणली. म्हणाला, "मिस्त्री, उजवीकडं टोचतं, जरा घासून दे." मी घासून दिली. ती त्याला इतकी फक्कड बसली की पुढच्या आठवड्यात त्यानं आणखी दोघांना पाठवलं. तेव्हा मात्र मी हात जोडले.

दिवाळी अंकाचे संपादक "धंद्यातलं काही लिहा" म्हणाले, तेव्हा आमच्या हिनं सुचवलं, "त्या कवळीचं ल्ह्या, लोकं हसतील." हसतील खरं. पण मला स्वतःला जे काम राहून राहून आठवतं त्यात हसण्यासारखं निम्मंच आहे. ते काम एका विमानाचं होतं. साल नेमकं आठवत नाही, पण सत्तर उलटून चार-पाच वर्षं झाली असतील.

आधी लूमचं थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी चूक तुम्हाला कळायची नाही. लूमवर उभ्या धाग्यांचा ताणा असतो. त्यातून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या चढवलेला, वीतभराहून मोठा लाकडी ठोकळा. पोटात धाग्याची कांडी. तो या पेटीतून त्या पेटीत सारखा फेकला जात असतो. एखाद्या वेळी तो मधेच अडकला आणि लूम तसाच चालत राहिला, तर ताण्याचे शेकडो धागे तटातट तुटतात आणि कारागिराचा अख्खा दिवस गाठी मारण्यात जातो. म्हणून लूमला एक खटका असतो. धोटा वेळेवर पेटीत पोचला नाही की खटका पडतो आणि लूम जिथल्या तिथं थांबतो. मला काम शिकवणाऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अटका, तो रुका. जो मशीन रुकना नहीं जानती, वो मशीन नहीं, आफत है." पुढची सगळी वर्षं मी या एका वाक्यावर भाकरी खाल्ली.

तर एका दुपारी दुकानात एक उंच, सडसडीत गृहस्थ आले. साठीचे, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. आत येताना ते दारातल्या तेलाच्या पिंपावर आदळले. एवढं मोठं पिंप! मला वाटलं, भरदुपारी लावून आलेत. पण पुढच्याच मिनिटाला त्यांनी माझ्या टेबलावरच्या पसाऱ्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा स्क्रू उचलला आणि म्हणाले, "याचे आटे गेलेत." आटे खरंच गेले होते.

"मला काचबिंदू आहे," ते म्हणाले. "समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. नळीतून बघितल्यासारखं. तुमच्या पिंपाची माफी मागतो."

हे कर्णिक सर. मुंबईच्या एका कॉलेजात ते मुलांना लहान विमानं बनवायला आणि उडवायला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर टेमघरला बहिणीच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. त्यांच्या भाच्यानं परदेशातून एक रेडिओचा संच आणून दिला होता. रेडिओ म्हणजे गाणी लागतात तो नव्हे. हातात धरायची एक पेटी, तिला दोन काड्या आणि लांब एरियल. काडी हलवली की आकाशातल्या विमानात बसवलेली डबी तो हुकूम ऐकते आणि काड्यापेटीएवढ्या मोटरीचा हात फिरवते. त्या मोटरीला सर्व्हो म्हणतात. अशा पाच होत्या. संचाचा सरकारी परवाना सर कायम पिशवीत घेऊन फिरायचे, कारण ती पेटी पाहिली की हवालदाराला प्रश्न सुचायचे.

विमान त्यांनी स्वतः बनवलं होतं. लांबी माझ्या दोन्ही हातांच्या वावेपेक्षा थोडी कमी. काही लाकूड मुंबईहून आणलेलं, बाकी पांगाऱ्याचं. आकार लढाऊ जेटचा, मागं ओढलेले पंख, पण पोटात जेट नव्हतं. नाकावर लिंबाएवढं इंजिन आणि त्याला फिरता पंखा.

मी म्हणालो, "सर, जेट म्हणता आणि नाकावर पंखा?"

"वर गेल्यावर पंखा दिसत नाही, मिस्त्री. आकार दिसतो. फक्त चाकं लोंबता कामा नयेत. तीस वर्षं मी पोरांची विमानं उडवली, सगळ्यांचे पाय लोंबतेच. जेटचे पाय लोंबले की त्याचं बदक होतं."

मग त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. पंखांखालची दोन चाकं उडल्यावर मिटून आत जायला हवी होती आणि उतरायच्या आधी बाहेर यायला हवी होती. नाकाखालचं तिसरं चाक तसंच ठेवायचं, कारण तेही मिटवायचं तर सर्व्होची ताकद पुरणार नव्हती.

"डॉक्टर म्हणतात पुढच्या हिवाळ्यापर्यंत ही नळीही मिटेल," सर नकाशाची घडी घालत म्हणाले. "त्याआधी माझ्या विमानाची चाकं एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना बघायचीत. एवढंच काम आहे."

भावाची घासाघीस न करता मी काम घेतलं, असं माझ्या आयुष्यात दोनदाच झालंय. त्यातलं हे एक.

काम सोपं नव्हतं, पण अवघड होतं ते माझ्या सवयींमुळे. आमच्या धंद्यात शंका आली की जाड करायचं. लूम काही उडून जाणार नसतो. सरांच्या पिशवीत सोनाराचा काटा असायचा आणि मी केलेली प्रत्येक वस्तू ते त्यात घालायचे. "भोकं पाडा," म्हणायचे. मी पाडायचो. पुन्हा काटा. "आणखी पाडा." शेवटी पाय अडकवायची पट्टी खिसणीसारखी झाली तेव्हा सर खूश झाले. पायांसाठी पोलादी तार मुंबईच्या लोखंडबाजारातून आणली. चाकांचं रबर मात्र लूमचं. धोटा पेटीत आपटतो तिथं जो रबरी ठोकळा असतो, तो लेथवर धरून मी बटणाएवढी चाकं काढली.

ज्याच्या बारा लूमच्या खात्याला, म्हणजे कारखान्याला, लागून माझं दुकान होतं, तो युसूफभाई रोज डोकावून जायचा. त्याचा सात नंबरचा लूम वात्रट होता, त्यातून धोटा सुटून बाहेर उडायचा. "क्या मिस्त्री, हवाई जहाज बना रहे हो?" तो म्हणायचा. "पहले मेरे सात नंबर का धोटा उड़ना बंद करो. वो क्या कम उड़ता है?" पण पंखांवर चढवायला पातळ रेशमी कापड लागलं तेव्हा त्यानंच ते दिलं आणि सर त्यावर खळीसारखं रसायन लावून ते कसं ताणतात ते तोंडात पान धरून बघत उभा राहिला. कापडाचा माणूस होता तो.

पाय मिटायचे असे: सर्व्हो पायाला जोडलेली एक काडी ओढायची, पाय मागच्या बाजूला वळून पंखातल्या खाचेत जायचे. काडी ढकलली की खाली येऊन उभे राहायचे आणि काडी आडवी पडून त्यांना अडसर व्हायची. माझ्या टेबलावर ते चालू लागलं त्या दिवशी मी युसूफभाईला, चहावाल्याला आणि रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना बोलावून दाखवलं. आणि मग, काम चांगलं झालं की मिस्त्रीला जी खाज सुटते ती मला सुटली. मी त्यात आपलं डोकं घातलं. डाव्या पायापाशी थोडी जागा उरली होती. तिथं मी एक लहानसा खटका बसवला. पाय कशाला अडला, गवत अडकलं, धूळ गेली, तर खटका पडेल आणि पाय जिथल्या तिथं थांबेल. ताण पडून सर्व्हो जळणार नाही. अगदी लूमसारखं.

सरांनी तो बघितला. डोळ्याजवळ धरून, पाय हळूहळू फिरवून बघितला.

"हे कशाला?"

"अडलं की थांबेल, सर. मोडणार नाही."

"आकाशात थांबून कसं चालेल, मिस्त्री? लूम थांबला तर तुम्ही जाऊन बघता. तिथं कोण जाणार?" ते हसून म्हणाले. "काढा तो."

"काढतो," मी म्हणालो.

आणि काढलाही. मग दोन दिवस तो टेबलावर पडलेला बघत राहिलो. सर मास्तर माणूस, मनात म्हटलं, पुस्तकातलं यंत्र त्यांना माहीत. अडलेलं यंत्र पुढं ढकललं तर काय होतं ते मला माहीत आहे, त्यांना नाही. तिसऱ्या दिवशी मी तो खटका आणखी बारीक करून, आतल्या बाजूनं, चटकन दिसणार नाही असा परत बसवला. त्यांच्या भल्यासाठीच, अशी मी माझी समजूत घातली होती. खरं म्हणजे माझी युक्ती त्यांनी हसण्यावारी नेली हे मला झोंबलं होतं.

भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. खाती बंद, गावावरचा खडखडाट बंद. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही टेमघरमागच्या माळावर गेलो. माळ सपाट होता, पण विमान उतरवायची पट्टी सरांना दिसायला हवी होती. म्हणून युसूफभाईनं डाग पडलेले दोन कोरे तागे दिले. ते आम्ही माळावर सरळ अंथरले आणि कडेला दगड ठेवले. पांढरी पट्टी सरांच्या नळीत नेमकी मावत होती. एक म्हशीवाला जवळ येऊन विचारून गेला, "कोनाचं लगीन हाय का?"

इंजिन एरंडेल घातलेल्या स्पिरिटवर चालायचं. ते सुरू झालं तसा जुलाबाच्या औषधाचा आणि जळक्या तेलाचा मिळून एक वास सुटला. अजून तो वास आला तर मी मान वर करून बघतो. विमान पांढऱ्या पट्टीवरून पळत गेलं आणि एकदम जमिनीपासून सुटलं. लूम, गिअर, शाफ्ट, सगळं आयुष्य मी जमिनीला बोल्टांनी आवळण्यात घालवलं होतं. माझ्या हातची वस्तू पहिल्यांदाच हातातून गेली. 

माझं काम सरांना विमान शोधून द्यायचं होतं. ते नळीतून निसटलं की मी ओरडायचो, "चिंचेच्या वर, सर! आता डावीकडे!" दोन फेऱ्या झाल्यावर सरांनी ते खाली आणून आमच्या समोरून नेलं आणि काडी दाबली. दोन्ही पाय मागं वळले आणि पंखात गडप झाले.

"गेली!" सर ओरडले. "गेली रे आत! बघितली मी!" साठ वर्षांचा माणूस हातातल्या पेटीसकट उडी मारत होता. ते पुन्हा एकदा समोरून गेलं तेव्हा नाकाखालचं एक चाक सोडलं तर त्याचं पोट स्वच्छ होतं, आणि खरंच ते जेट दिसत होतं. नाकावरचा पंखा कुणाला दिसत नव्हता.

मग सर म्हणाले, "आता बाहेर काढतो. समोरूनच नेतो, म्हणजे मला दिसेल." पण वळणावर विमान नळीतून निसटलं. मी दाखवेपर्यंत ते समोरून पुढं गेलं होतं आणि उतरायच्या रांगेला लागलं होतं. इंधन संपत आलं होतं. सर विमानाच्या अंदाजानं नळी फिरवत होते. त्यांना तो काळा ठिपका सापडला, पण चाकं दिसण्याइतकं त्यांना दिसत नव्हतं.

"आली का दोन्ही?" त्यांनी विचारलं.

मला दिसत होतं. उजवं चाक सरळ खाली होतं. डावं अर्ध्यावर होतं, तिरपं. माझा खटका पडला होता. पाय खाली येताना समोरच्या वाऱ्याविरुद्ध येत होता, क्षणभर रेटला गेला, आणि खटक्याला वाटलं काहीतरी अडलं. टेबलावर तो शंभरदा नीट चालला होता, पण टेबलावर वारा नव्हता.

"मिस्त्री, आली का?"

"आली," मी म्हणालो.

का म्हणालो? पन्नास वेळा मी स्वतःला विचारलंय. एवढंच सांगता येईल की 'नाही आली' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न 'का' असा आला असता. आणि मनात कुठंतरी असंही होतं की जमिनीला टेकताना ते आपोआप सरळ होईल. असं कधी होत नाही, हे कुणापेक्षाही मला जास्त माहीत होतं.

सरांनी इंजिन कमी केलं. विमान सुरेख खाली आलं. उजवं चाक टेकलं, डावं मुडपलं, डावा पंख जमिनीला लागला आणि पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. ते दोन कोलांट्या घेऊन म्हशींच्या दिशेनं जाऊन पडलं. पंख मुळातून तुटला, नाक फुटलं, इंजिन एकीकडे.

आम्ही चालत गेलो. सर गुडघ्यांवर बसले आणि तुकडे उचलून बघू लागले. ते बोटांनी बघायचे, डोळे नंतर. डाव्या पायाच्या आतल्या बाजूला त्यांचं बोट थांबलं.

"हा काढला होता ना?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, मान त्यांच्या नळीत येणार नाही. तोंडानं सांगावं लागलं. "नाही, सर."

"आणि डावं चाक आलं नव्हतं."

"नव्हतं."

सरांनी खटक्यावरून एकदा बोट फिरवलं. मग शिकवणीच्याच आवाजात म्हणाले, "सांगितलं असतं तर मी दोन्ही परत आत घेतली असती आणि पोटावर उतरवलं असतं. फक्त नाकाखालचं चाक आणि पंखा गेला असता." त्यांनी खटका उचकटून माझ्या तळहातावर ठेवला आणि तुकडे पिशवीत भरू लागले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, 'जाऊ द्या' म्हणेल. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यांना दिसत न्हाय म्हनून तुमाला इचारलं. तुमीच खोटं बोलल्यावर त्यांनी कोनाला इचारायचं?" आणि तवा फिरवला. 

पुढचे महिने मी टेमघरला जायचं टाळलं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी गणपतीच्या सुमारास गेलो. बहिणीनं दार उघडलं. सर आत खुर्चीवर बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला कळलं. नळी मिटत आली होती.

"कोण?"

"गंगाराम मिस्त्री."

"या. पिंप नाही इथं, बिनधास्त या."

विमानाचे तुकडे खोक्यात तसेच होते. मी म्हणालो, "मला द्या. मी जोडतो." ते म्हणाले, "जोडून काय करू? आता पांढरं काय, काळं काय, एवढंच कळतं." मी खोकं उचललं. त्यांनी अडवलं नाही.

पंखाचं लाकूडकाम सर सांगत गेले आणि मी करत गेलो. चाकांचं मात्र मी मुळापासून बदललं. तेही त्या खटक्याकडे बघत बघत सुचलं. लूमचा धर्म थांबण्याचा. विमानाचा धर्म उतरण्याचा. काहीही बिघडलं तरी चाक खाली आलं पाहिजे. म्हणून मी पाय पुढच्या बाजूला मिटवले. सर्व्होनं त्यांना फक्त वर धरून ठेवायचं. सोडलं की एक स्प्रिंग ओढणार आणि समोरचा वाराच त्यांना मागं, खाली ढकलणार. सर्व्हो जळो, काडी तुटो, पाय खालीच येणार. हे सुचायला हुशारी लागत नाही, पण वीस वर्षांची सवय मोडावी लागते. ती माझी एक विमान मोडल्यावर मोडली.

तयार झालेला पाय मी सरांच्या हातात दिला. त्यांनी तो तासभर तपासला. सांध्यात गवताची काडी घातली, लूमची रुई कोंबली, वाळू टाकली. दर वेळी सोडलं की तो खाली यायचा. कधी लवकर, कधी रखडत, पण यायचा. "हं," सर म्हणाले. मला त्या 'हं'चं अजून अप्रूप आहे.

मग मीच म्हणालो, "सर, तुम्ही उडवायचं. मी तुमचे डोळे होतो."

"ओरडून सांगितलेलं मला वेळेत पोचत नाही, मिस्त्री. मागच्या वेळी पाहिलंत ना."

ओरडायचं नव्हतंच. लूमच्या खात्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथं आम्ही हातानं बोलतो. कारागिराच्या डाव्या खांद्यावर थाप पडली की डावीकडचा लूम बघ, उजव्या खांद्यावर पडली की उजवीकडचा. पाठीच्या मधोमध तळवा टेकवला की सोड सगळं, थांब. मी सरांच्या मागं उभा राहिलो आणि ते करून दाखवलं. मानेपाशी दोन बोटं वर सरकली तर विमान वर घ्या, खाली सरकली तर खाली. पंधरा दिवस आम्ही माळावर विमानाशिवाय हे केलं. मी हातात काठी धरून ती विमानासारखी फिरवायचो, दुसऱ्या हातानं सरांच्या खांद्यावर थापा मारायचो आणि सर रिकाम्या पेटीच्या काड्या हलवायचे. म्हशीवाला आता जवळ येत नसे. लांबूनच बघून जायचा.

खरं उड्डाण नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी झालं. युसूफभाई नमाज आटोपून आला होता, नवे दोन तागे घेऊन. म्हणाला, "इस बार दाग वाला नहीं, अच्छा माल है." डाग नसलेला माल त्यानं मातीत अंथरू दिला, यावरून काय ते समजा.

विमान उठलं. माझे हात सरांच्या खांद्यांवर होते. सरांचे खांदे स्थिर होते. उजवी थाप, विमान उजवीकडे. बोटं वर, विमान वर. दुसऱ्या फेरीनंतर मला वाटेना की मी सांगतोय आणि ते करतायत. समोरून नेताना सरांनी काडी दाबली आणि मी म्हणालो, "गेली आत, दोन्ही." सरांनी मान डोलावली. ते त्यांनी एकदा पाहिलेलं होतं.

मग उतरायची वेळ आली. विमान लांबून पट्टीच्या रांगेत आलं. सरांनी काडी सोडली आणि विचारलं, त्याच शब्दांत, "आली का दोन्ही?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. नीट बघितलं. ऊन डोळ्यांवर होतं, हाताची सावली करून पुन्हा बघितलं. सरांचं बोट इंजिनाच्या काडीवर थांबलेलं होतं. ते घाई करत नव्हते.

"आली, सर. दोन्ही."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझा शब्द कानावर पडला आणि त्यांनी इंजिन कमी केलं. जो माणूस एकदा त्यांच्याशी खोटं बोलला होता त्याच्या एका शब्दावर. विमान कापडावर टेकलं, एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि पळत राहिलं. मी सरांच्या पाठीवर मधोमध तळवा ठेवला. इंजिन बंद झालं. युसूफभाई "माशाअल्लाह" म्हणाला आणि ताग्यांना लागलेल्या तेलाकडे बघायचंही विसरला.

सरांना हात धरून मी विमानापाशी नेलं. ते खाली बसले, दोन्ही चाकं चाचपली, तारा चाचपल्या. सगळं सरळ होतं. मला माफी मागायची होती. नऊ महिने मी ती घोकत होतो, पण ऐनवेळी मी पंखावरचं तेल पुसत बसलो.

"बाहेर येताना बघायची राहिली," सर म्हणाले. ते रडत नव्हते, नुसतं सांगत होते. "कशी आली ते सांग."

मी वर्णन करणारा माणूस नव्हे. मोडलेला गिअर दाखवा, कुठं काय झालं ते सांगेन. तरी म्हणालो, "बगळा खाचरात उतरताना आधी पाय सोडतो ना, सर, तशी आली."

"एकदम आली? दोन्ही?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. युसूफभाई लांब ताग्यांपाशी होता, चाकांकडे बघणारा मी एकटाच होतो.

"नाही, सर. उजवं आधी आलं. डावं थोडं रखडलं. मला वाटलं नाही येत. मग एक झटका खाऊन आलं."

सर चाकावरचा हात न काढता हसले. म्हणाले, "मग दिसली मला, गंगाराम."